आर्किटेक्ट, आरसीसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल: सगळ्यांची ड्रॉइंग एकमेकांशी जुळवायची कशी

पुण्यात सध्या जुन्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट जोरात चालू आहे आणि बरीच नवीन मुलं-मुली डिझाइन कोऑर्डिनेटर म्हणून कामाला लागतायत. पहिल्या महिन्यातच फोन येतो, सर जॉइन तर झालो पण नक्की करायचं काय? त्यांची चूक नाहीये. कॉलेजात आरसीसी शिकवतात, प्लंबिंग थोडंफार शिकवतात, पण चार वेगवेगळ्या ऑफिसमधून आलेली चार ड्रॉइंग एकाच स्लॅबमध्ये बसवायची कशी हे कुठे शिकवत नाहीत. मी पंधरा वर्षं हेच करतोय, आधी साइटवर होतो आता ऑफिसातून, त्यामुळे मी जसं करतो तसं लिहितो. डोळ्यासमोर पार्किंग आणि वर 11 मजले अशी साधी रहिवासी बिल्डिंग ठेवा, मोठ्या कामाला हेच सगळं, फक्त माणसं जास्त.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि कोण कोणाची वाट बघतंय ते लिहून काढा. आरसीसीवाल्यांना (बीम-कॉलमचं डिझाइन करणाऱ्यांना) आर्किटेक्टचा प्लॅन हवा असतो, आर्किटेक्टला कॉलमचे साइज हवे असतात, प्लंबिंगवाल्यांना बीमची खोली हवी, इलेक्ट्रिकलवाल्यांना फर्निचर लेआउट हवा (बेड कुठे ते कळल्याशिवाय स्विच बोर्ड कुठे लावणार), लिफ्टचा मेकर अजून ठरलेला नसतो म्हणून पिटची (लिफ्टच्या तळाच्या खड्ड्याची) खोली माहीत नाही आणि पिटची खोली माहीत नाही म्हणून लिफ्टखालच्या राफ्टची (पायाच्या जाड स्लॅबची) लेव्हल माहीत नाही. म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबलेला आणि प्रत्येक जण खरंच बोलत असतो की माझं काम त्यांच्यामुळे अडलंय. हे गोल चक्कर कोणीतरी कुठेतरी तोडावं लागतं, आणि ते तोडणं हेच आपलं मुख्य काम आहे, बाकी मेल फॉरवर्ड करणं वगैरे कोणीही करेल.

तोडायचं कसं, तर गृहीत धरून. पण गृहीत धरलेलं लिहून ठेवायचं, तोंडी नाही. मी एका शीटवर लिहितो की आत्ता आपण बीम 600 मिलिमीटर धरतोय (पुढे एकक लिहिलं नसेल तिथे मिलिमीटरच), स्लॅब 125, फ्लोअरिंगला 60, लिफ्ट आठ माणसांची, आणि प्रत्येकापुढे तारीख टाकतो की या तारखेपर्यंत कोणी बदल कळवला नाही तर हाच आकडा पक्का. ही शीट सगळ्यांना जाते, आर्किटेक्ट मॅडमनाही आणि आरसीसीच्या सरांनाही. लोक सुरुवातीला म्हणतात आकडा असा कसा टाकला तुम्ही, पण चुकीचा आकडा समोर दिसला की बरोबर आकडा लगेच सांगतात, रिकामी जागा ठेवली तर महिना महिना कोणी भरत नाही.

तारखा स्लॅबपासून उलट्या मोजा

शेड्यूल बनवताना लोक आजपासून पुढे मोजतात. मी स्लॅबच्या तारखेपासून मागे येतो. समजा पहिला टिपिकल (सारख्या मजल्यांचा) स्लॅब 20 तारखेला भरायचाय. त्याच्या आधी स्टील बांधायला आणि कंड्युट (वायरींचे पाइप) टाकायला दिवस लागणार, त्याच्या आधी शटरिंग, त्याच्या आधी स्टील कापून वाकवून तयार हवं, त्यासाठी बीबीएस (कुठला बार किती लांब, कसा वाकवायचा याची यादी) हवं, बीबीएससाठी आरसीसीचं जीएफसी (साइटवर बांधायला दिलेलं पक्कं) ड्रॉइंग हातात हवं. आमच्याकडे हे सगळं मिळून साधारण तीन आठवडे धरतो. म्हणजे जीएफसी आधीच्या महिन्याच्या अखेरीला पाहिजे. आणि जीएफसी निघायच्या आधी प्लंबिंगचे स्लीव्ह (पाइप जायला काँक्रीटमध्ये आधीच ठेवायची भोकं) आणि इलेक्ट्रिकलचे डक्ट आरसीसी ऑफिसला मिळालेले पाहिजेत, त्यांना ते बघून बीम तपासायला आठवडा द्या, आणि प्लंबिंगला तेवढं काढायला आर्किटेक्टचा टॉयलेट लेआउट त्याच्याही आठवडाभर आधी गोठलेला पाहिजे. आता हिशोब करा, टॉयलेटच्या टाइल्स लागायच्या कित्येक महिने आधी कमोड कुठे बसणार ते ठरवायला लागतं. हे क्लायंटला पहिल्याच मीटिंगला समजावून सांगा, कारण त्यांना वाटत असतं टॉयलेटचं नंतर बघू.

टॉयलेटवरच थोडं थांबतो, कारण माझ्या अनुभवात निम्मी भांडणं इथेच होतात.

मजल्याची उंची 3000. बाथरूम आणि शाफ्टच्या (पाइप उतरतात त्या उभ्या मोकळ्या जागेच्या) मधली भिंत बीमवर आहे, बीम 600 खोल. पूर्वी टॉयलेटचा स्लॅब 300 खाली घ्यायचो आणि पाइप भरावात टाकायचो, पण लीकेज झालं की सगळं फोडावं लागायचं म्हणून आता बरेच जण पाइप स्लॅबखालून, म्हणजे खालच्या फ्लॅटच्या सीलिंगमधून नेतात. 110 चा सॉइल पाइप (कमोडचा) शाफ्टमध्ये जायचा तर हा बीम आडवा येतो. बीमच्या खालून न्यायचा ठरवला तर बघा काय होतं: 3000 मधून बीमचे 600 गेले, राहिले 2400, फ्लोअरिंगचे 60 गेले, 2340, पाइप 110, कॉलर आणि क्लॅम्पला 50, फॉल्स सीलिंगच्या फ्रेमला 40, राहिले 2140. दरवाजा 2100 चा. म्हणजे सीलिंग चौकटीच्या डोक्यावर टेकलं. प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये हे दिसत नाही, आरसीसीच्या ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, आर्किटेक्टच्या प्लॅनमध्ये तर नाहीच दिसत, तिघांचंही ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर आहे. दिसतं फक्त सेक्शनमध्ये, आणि तो सेक्शन काढायची जबाबदारी कोणाचीच नसते. म्हणून तो तुम्ही काढा. प्रत्येक प्रकारच्या टॉयलेटचा एक सेक्शन, 1:20 ला, त्यात बीम, पाइप, स्लोप, ट्रॅप, सीलिंग, दरवाजा, व्हेंटिलेटर सगळं.

एकदा सेक्शन टेबलावर आला की उपाय पटापट सुचतात. बीमला स्लीव्ह ठेवता येतो, कमोड शाफ्टपासून अडीच मीटरवर असेल आणि स्लोप 60 ला 1 धरला तर पाइप 40 एक मिलिमीटर उतरतो आणि बीमच्या वरच्या कडेपासून साधारण 300 खाली, म्हणजे बीमच्या खोलीच्या मध्यावर येतो, तिथे स्लीव्ह तुलनेने कमी त्रासाचा. पण सपोर्टजवळ नको, तिथे शिअर (बीमला कापू बघणारा जोर) जास्त असतो, कुठे चालेल आणि बाजूने स्टीलच्या जादा रिंगा किती हे आरसीसीवाल्यांनीच सांगायचं, साइटवर कोणी ठरवायचं नाही. नाहीतर शाफ्टकडचा बीम 450 करता येतो का विचारा, बऱ्याचदा येतो कारण त्याच्यावर फारसा लोड नसतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे कमोड शाफ्टच्या भिंतीला लावा, बेसिन दाराकडे घ्या. हे पेन्सिलने पाच मिनिटांचं काम आहे, स्लॅब भरल्यावर कोअर कटिंगचं मशीन आणून बीम कापायचा म्हणजे पैसेही जातात आणि बीमही दुखावतो.

मी हे एकदा स्वतः भोगलंय. शाफ्ट 450 ने सरकला होता, प्लंबिंगकडे नवीन रिव्हिजन होती आणि आरसीसीकडे जुनी, आणि दोन्ही रिव्हिजन माझ्याच मेलमधून गेल्या होत्या पण नवीन एकाच ऑफिसला गेली. तिसऱ्या मजल्याचं शटरिंग काढल्यावर कळलं की स्लीव्ह भिंतीत उघडतोय. कन्सल्टंट सरांनी बीमला हात लावायला साफ नाही सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. शेवटी त्या मजल्यावर पाइप खालून घेऊन सीलिंग उतरवायला लागलं आणि त्या फ्लॅटच्या काकूंना मी स्वतः जाऊन का ते सांगितलं. तेव्हापासून एक नियम, कुठलंही ड्रॉइंग एकाच ऑफिसला कधी पाठवत नाही.

कॉलम आणि पार्किंग

आर्किटेक्ट फ्लॅटचा प्लॅन आधी लावतात आणि कॉलम त्यात लपवतात. पूर्वी 230 च्या कॉलमवर 230 ची भिंत, सगळं सपाट. पण आयएस 13920 या भारतीय स्टँडर्डच्या 2016 च्या आवृत्तीपासून भूकंपरोधक डिटेलिंगमध्ये कॉलमची कमीत कमी बाजू 300 लागते आणि भिंती आता 150 च्या एएसी (हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकच्या, म्हणजे कॉलम कुठेतरी बाहेर डोकावणारच. तो कुठे डोकावू द्यायचा हे आधी ठरवा. वॉर्डरोब 600 खोल असतो, त्याच्या मागे कॉलम गेला तर कोणाला कळतही नाही. बेडच्या डोक्याशी आला तर गिऱ्हाईक पझेशनच्या दिवशी टेप घेऊन उभं राहतं.

आणि तोच कॉलम खाली पार्किंगमध्ये उतरतो हे विसरू नका. कारचा खण 2.5 बाय 5 मीटर, म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी लावायच्या तर दोन कॉलमच्या मध्ये मोकळे 5 मीटर हवेत, तेही प्लास्टरनंतर. म्हणून मी पार्किंग लेआउट आणि टिपिकल फ्लोअर एकावर एक ठेवूनच कॉलमची मीटिंग लावतो, आर्किटेक्ट आणि आरसीसी दोघंही समोर, आणि सेंटर लाइन पक्की झाल्याशिवाय उठत नाही.

यातलं जितकं सँक्शनला (महापालिकेच्या मंजुरीला) टाकायच्या आधी जमेल तितकं जमवा. शाफ्ट, लिफ्ट, जिना, मीटर रूम, ट्रान्सफॉर्मरची जागा, टाक्या, एवढं तरी. नंतर बदललं की रिव्हाइज्ड सँक्शन, आणि फ्लॅट विकायला सुरुवात झाली असेल तर रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बिल्डिंगच्या मंजूर प्लॅनमध्ये बदलाला प्रमोटर सोडून किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. एका राहिलेल्या डक्टसाठी सह्या गोळा करत फिरायची वेळ येऊ नये.

बिल्डिंगच्या बाहेरचं मार्जिन (कंपाउंडपर्यंतची मोकळी जागा) सगळे शेवटी बघतात, ते चुकीचं आहे. त्याच मार्जिनमध्ये ड्रेनेज लाइन, चेंबर, पावसाच्या पाण्याची लाइन, रिचार्ज पिट, महावितरणची केबल, फायरची रिंग आणि जमिनीखालच्या टाक्या. वरून फायर इंजिन जाणार म्हणजे टाकीचा स्लॅब त्या वजनाला डिझाइन केलेला पाहिजे, आणि हे आरसीसीवाल्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे ना. या सगळ्यांचं एकत्र एक ड्रॉइंग बनवा, इन्व्हर्ट लेव्हलसकट (पाइपच्या आतल्या तळाची लेव्हल), फुटिंगच्या कडा दाखवून.

ड्रॉइंग एकावर एक ठेवणं

बीआयएम (कॉम्प्युटरवर बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल) असेल तर छान. रेव्हिटमध्ये मॉडेल, नेव्हिसवर्क्समध्ये क्लॅश तपासणी, म्हणजे दोन गोष्टी एकाच जागी येतायत का ते. पण पहिल्याच रनला हजारो क्लॅश येतात आणि ती यादी सगळ्यांना मेल केली तर कोणीही उघडत नाही. आधी तुम्ही बसून चाळा. कंड्युट भिंतीला लागतोय हा क्लॅश नाहीच, तो भिंतीतच जायचाय. सॉइल पाइप विरुद्ध बीम, डक्ट विरुद्ध बीम, जिन्यातलं हेडरूम, दरवाजा विरुद्ध फायर हायड्रंट, असे दहा-पंधरा गट करा आणि दर आठवड्याला दोनच गट घ्या.

बीआयएम नसेल तरी अडत नाही, आपल्याकडची बरीचशी कामं अजून ऑटोकॅडवरच चालतात. सगळ्यांना एकच ओरिजिन द्या, ग्रिड (कॉलमच्या सेंटर लाइन) ए आणि ग्रिड 1 जिथे मिळतात तो बिंदू शून्य, सगळ्यांनी त्यावरच फाइल बनवायची. मग एक्सरेफ घेऊन (सगळ्यांच्या फाइल एकाच फाइलमध्ये जोडून) आर्किटेक्चर करड्या रंगात, आरसीसी लाल, प्लंबिंग निळं, इलेक्ट्रिकल हिरवं, आणि ए1 चा रंगीत प्रिंट काढून भिंतीला लावा. स्क्रीनवर जे सुटतं ते कागदावर दिसतं, माझा तरी अनुभव असाच आहे. लाल-निळं जिथे एकमेकांवर येतं तिथे पेनाने गोल करा. लेव्हलही तपासा, आर्किटेक्ट एफएफएल (फ्लोअरिंगच्या वरची लेव्हल) लिहितात आणि आरसीसीवाले एसएसएल (नुसत्या स्लॅबची लेव्हल), दोघांमधला फ्लोअरिंगचा फरक कोणी धरलाच नाही तर जिन्याची पहिली किंवा शेवटची पायरी वेगळ्या उंचीची होते, आणि त्या पायरीला म्हातारी माणसं अडखळतात.

फाइलच्या नावात फायनल हा शब्द अजिबात नको. आर0, आर1, आर2, बस. ड्राइव्हवर चार फोल्डर ठेवा, चालू काम, शेअर केलेलं, कामासाठी दिलेलं, जुनं. आयएसओ 19650 या बांधकामाची माहिती सांभाळायच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये हीच चार पायऱ्यांची पद्धत सांगितलीय, 2018 मध्ये आलं ते, मोठ्या प्रोजेक्टसाठी वाटतं पण छोट्यालाही अगदी बरोबर लागू पडतं. साइटवर फक्त तिसऱ्या फोल्डरमधलं जायचं. नवीन प्रिंट दिली की जुनी परत घ्या, त्यावर रद्दचा शिक्का मारा, फोरमन दादांच्या खिशात घडी घातलेली जुनी प्रिंट असतेच तीही प्रेमाने मागून घ्या. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो टाकणं बंद करा, त्यात रिव्हिजन नंबर कापला जातो.

मीटिंग आठवड्यातून एकच, ठरलेल्या दिवशी, तासाभराची. बोलायला नाही, ड्रॉइंगवर पेन चालवायला. मिनिट्स त्याच संध्याकाळी, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे एकाच माणसाचं नाव. आर्किटेक्ट आणि आरसीसी बघून घेतील असं लिहिलं की कोणीच बघत नाही. अजून एक, प्रत्येक ऑफिसातला जो ड्राफ्ट्समन खरंच ते ड्रॉइंग काढतोय त्याला ओळखा, त्याच्याशी आदराने बोला, सर परवानगी देतील पण चूक आधी त्यालाच दिसते.

फोनवरचा बदल

आता सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत छताला टांगलेले पादचारी पूल होते, चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ डिझाइनमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत सलग एकच रॉड होता. एवढ्या लांब रॉडला आटे पाडणं अवघड म्हणून फॅब्रिकेशनच्या वेळी त्याचे दोन केले, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर किरकोळ बदल वाटतो. पण त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला लटकला आणि त्या बीममधल्या नटावर दुप्पट लोड आला. 17 जुलै 1981 ला दोन्ही पूल कोसळले, 114 माणसं गेली. फॅब्रिकेटरचं म्हणणं की फोन करून विचारलं होतं, इंजिनियरांचं म्हणणं की असा फोन आलाच नाही. शॉप ड्रॉइंगवर (फॅब्रिकेटरने काढलेल्या ड्रॉइंगवर) मात्र इंजिनियरांच्या ऑफिसचा शिक्का होता, त्या जोडाचा हिशोब कोणीच परत केला नव्हता.

हे मी प्रत्येक नवीन मुलाला सांगतो. फोनवर हो म्हटलं तरी काम सुरू करायचं नाही. फोन ठेवला की लगेच दोन ओळींचा मेल, आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक बदल करतोय, कृपया लेखी कळवा, आणि उत्तर आल्यावर रिव्हिजन, क्लाउड (बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ) काढून, सगळ्या ऑफिसना. बदल कोणी मागितला, का, कोणाकोणाच्या ड्रॉइंगवर परिणाम, आणि ज्याचं डिझाइन आहे त्याने हिशोब परत केला का, एवढे चार रकाने असलेलं एक रजिस्टर पुरतं.

साइटवरून प्रश्न विचारायचा तरी नीट विचारा. सर बीमचा प्रॉब्लेम आहे बघा ना, याला उत्तर येत नाही. असं लिहा: ग्रिड सी-4, तिसरा मजला, आरसीसी ड्रॉइंग अमुक आर2 मध्ये बीम 230 बाय 600, प्लंबिंग आर3 मध्ये तिथेच 110 चा पाइप, फोटो जोडलाय, आमच्या मते पाइप 300 डावीकडे घेता येईल, चालेल का, शटरिंग बंद होणार शुक्रवारी म्हणून गुरुवारपर्यंत उत्तर हवं. असा प्रश्न गेला की बहुतेक त्याच दिवशी उत्तर येतं.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी

सकाळी नाही, आदल्या संध्याकाळी. सकाळी ट्रान्झिट मिक्सर गेटवर उभा असतो आणि मग कोणीही कशालाही हो म्हणतं. संध्याकाळी आरसीसीचा इंजिनियर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि आपण, चौघं हातात ड्रॉइंग घेऊन शटरिंगवर फिरायचं. टेप लावून स्लीव्ह मोजायचे, ग्रिडपासून, शेजारच्या भिंतीपासून नाही कारण भिंत अजून नाहीच आहे. फॅन बॉक्स, शाफ्टचे कटआउट, टॉयलेटची लेव्हल, जिन्याचे डॉवेल (पुढे जोडायला बाहेर ठेवलेले बार), लिफ्टचे इन्सर्ट (काँक्रीटमध्ये बसवायचे लोखंडी भाग), टेरेस असेल तर रेनवॉटरचे आउटलेट. चौघांच्या सह्या, मगच पोअर कार्ड (काँक्रीट ओतायची लेखी परवानगी).

पहिला टिपिकल स्लॅब झाला की शटरिंग निघाल्यावर परत जा आणि तेच स्लीव्ह खालून मोजा, काँक्रीट पडताना एखादा सरकलेला असतोच. पाइपचा एक तुकडा प्रत्यक्ष लावून बघा, कोपर वळतंय का, क्लॅम्पला पान्हा फिरतोय का. जे सापडेल ते लाल पेनाने ड्रॉइंगवर आणा आणि आर3 सगळ्या ऑफिसना एकाच मेलवर पाठवा, पुढच्या स्लॅबचे स्लीव्ह बसवायच्या आत, कारण वर अजून दहा मजले त्याच ड्रॉइंगवर जाणार आहेत.